फ्रिजमधले चतुर

चतुर पकडून डबीत घालायचा, डबी फ्रिजमध्ये ठेवायची, तो गारठून निपचित पडला की झेंडूवर आणून बसवायचा, वरून स्प्रेने थेंब उडवायचे आणि चाळीस-पन्नास फ्रेम घेऊन संगणकावर एक झकास फोटो जुळवायचा. या उद्योगाला मॅक्रो फोटोग्राफी म्हणणाऱ्यांशी माझं उघड भांडण आहे. हा छळ आहे आणि ही लबाडीही आहे. वर आपण तिला बक्षिसं देतो.

एका कार्यशाळेत शिकवणाऱ्याने बर्फाच्या डब्यातून फुलपाखरं काढून प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवलं. त्यात राणी पाकोळी होती, आपण २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून मिरवायला घेतलेली. ‘ऊन लागलं की उडून जातात, काही होत नाही त्यांना,’ असं तो सांगत होता. डब्याच्या तळाशी पंखांवरच्या खवल्यांची काळी भुकटी साचली होती आणि एक तुटलेली मिशी पडली होती. मी उठून निघून आलो. बाकीचे फोटो काढत राहिले.

यांची अडचण मला ठाऊक आहे. किडा जेवढा, तेवढाच सेन्सरवर उमटवायचा तर एफ ११ ठेवूनही जेमतेम एक-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. डोळा शार्प आला तर पाय धुरकट, पाय आले तर डोळा गेला. म्हणून फोकस सरकवत अनेक फ्रेम घ्यायच्या आणि एकत्र करायच्या, म्हणजे ‘स्टॅक’ करायच्या. त्यासाठी किडा हलता कामा नये, आणि किडा तर हलतोच. त्याच्या शरीराचं तापमान हवेवर अवलंबून असल्याने त्याला थंड केलं की त्याचे स्नायू चालत नाहीत. हे साधं जीवशास्त्र या मंडळींनी पाठ केलं, पण त्याच जीवशास्त्राने फुकट देऊ केलेली सोय मात्र यांच्या ध्यानात आली नाही.

निळ्या पट्ट्यांच्या माश्या घ्या. यांचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्याने घट्ट धरतात आणि तसेच रात्रभर झोपतात, कधी एकाच काडीवर रांगेने. पहाटे त्या माश्या गार असतात, अंगावर खरं दव असतं. तिपाई लावा, हव्या तेवढ्या फ्रेम घ्या, माशीला बोटही लावावं लागत नाही. फक्त अंधारात उठावं लागतं आणि आदल्या संध्याकाळी ती काडी शोधून ठेवावी लागते. एवढे कष्ट नकोत म्हणून फ्रिज!

आणि याच माशीची मादी दिवसा काटेरिंगणीवर काय करते ते पाहा. रिंगणीच्या पिवळ्या परागकोशांना टोकाला फक्त बारीक भोक असतं. माशी त्यांना कवटाळते, अंग वाकवते, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते. आवाजाची पट्टी एकदम चढते आणि भोकातून परागांचा फवारा तिच्या पोटावर येतो. मधमाशीला हे जमत नाही. वांग्याच्या फुलातले परागही असेच झडतात. हा क्षण पकडलेला फोटो थोडा हललेला असला तरी मी भिंतीवर लावीन. गारठलेली माशी यातलं काय दाखवणार? तिची जीभ बाहेर लोंबत असते, पायांची पकड सुटलेली असते आणि ती ज्या फुलावर बसवलेली असते तिथे एरवी कधी फिरकतही नाही.

यात नुकसान फक्त माशीचं नाही. हे फोटो आयनॅचरलिस्टवर, इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर जातात. कुठला कीटक कुठल्या फुलावर येतो याची नोंद म्हणून कुणी अभ्यासक ते प्रामाणिकपणे वापरतो. त्या नोंदीत तुम्ही विष कालवता.

आणि जागाही यातून सुटत नाही. कास पठार २०१२ साली जागतिक वारशात गेलं. तिथे जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे आणि त्यावर ही सगळी फुलं उभी आहेत. गेंदाच्या ताटव्यावर आडवं पडून फोटो काढणारे तिथे मी पाहिलेत. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या चिकट केसांवर चिमट्याने जिवंत मुंगी चिकटवून ‘शिकार’ टिपणारेही पाहिलेत. टोकलं तर म्हणतात, वनस्पती तरी तेच करते ना. वनस्पती जगण्यासाठी करते, तुम्ही लाइकसाठी करता.

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ साली पहिला आलेला लांडग्याचा फोटो पुढे बाद झाला, कारण लांडगा माणसाळलेला असल्याचं परीक्षकांचं मत झालं. २०१७ च्या स्पर्धेतला मुंगीखाऊचा फोटोही असाच बाद केला, कारण प्राणी पेंढा भरलेला असल्याचा तज्ज्ञांचा निष्कर्ष निघाला. तिथे चौकशी तरी झाली. आपल्याकडे किड्याची चौकशी करायला परीक्षकाला किडा ओळखता यावा लागतो, आणि बहुतेकांना ते येत नाही. ते फक्त डोळ्यातल्या जाळीचा शार्पनेस बघतात आणि नंबर देतात.

तेव्हा कीटकांच्या प्रत्येक बक्षीसपात्र फोटोसोबत मूळ रॉ फाइल्स मागा, स्टॅकमधली प्रत्येक फ्रेम मागा, आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमही मागा. परीक्षकांत एक कीटक जाणणारा माणूस बसवा. पकडलेला, गारठवलेला, चिकटवलेला किडा दिसला की फोटो बाद करा आणि नाव जाहीर करा. परीक्षक म्हणून मला बोलावणाऱ्या आयोजकांना मी हेच लिहून पाठवतो. ज्यांना ते मान्य नाही, त्यांच्याकडे मी जात नाही.