तापमानवाढ : इलाज छपरापासून सुरू करा

'हवामानबदल' हा शब्द ऐकला की पुष्कळांना वाटते, हा विषय शास्त्रज्ञांचा आणि सरकारचा. डॉक्टरने त्यावर कशाला बोलावे? पण मुंबईत करी रोडला माझा दवाखाना आहे आणि मार्चपासूनच तिथे उष्म्याचे रुग्ण येऊ लागतात. चक्कर, थकवा, घामोळे, लघवीला जळजळ, रात्र रात्र झोप नाही. राहता कुठे, असे विचारले की बऱ्याचदा उत्तर येते, 'चाळीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर.'

मुंबईचा पारा विदर्भाइतका चढत नाही. पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरील कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. दिवसभर तापलेले छप्पर रात्रीही घरात उष्णता सोडत राहते. त्याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो म्हातारी माणसे, तान्ही मुले आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांना.

'आम्ही एकट्याने काय केले म्हणजे फरक पडणार?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. मोठी जबाबदारी सरकारची व उद्योगांचीच आहे, यात शंका नाही. परंतु मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या हवामान कृती आराखड्यानुसार, शहरातून बाहेर पडणाऱ्या तापमानवाढीच्या वायूंपैकी सुमारे ७० टक्के वायू ऊर्जेच्या वापरातून, त्यातही मुख्यतः इमारतींना लागणाऱ्या विजेतून येतात. ही वीज अजूनही बहुतांशी कोळशावर तयार होते. म्हणजे रोगाचे एक मूळ आपल्याच घरातल्या बटणापाशी आहे.

गिरणगावच्या जुन्या चाळींना गॅलरी होती, समोरासमोर दारे-खिडक्या होत्या आणि वारा खेळता होता. आता गॅलरी काचेने बंद करायची, मग गुदमरते म्हणून एसी बसवायचा आणि त्याची गरम हवा शेजाऱ्याच्या दारात सोडायची, असे चालले आहे. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. आधी छप्पर, मग वारा, मग पंखा आणि शेवटी एसी, असा क्रम हवा.

१) छप्पर : उन्हाळ्यापूर्वी गच्चीला किंवा पत्र्याला चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खालची खोली कमी तापते. जुना सिमेंटचा पत्रा मात्र घासू किंवा फोडू नये. त्यातील ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाला घातक असतात.

२) वारा : गॅलरी व जिन्याच्या खिडक्या अडगळीने बुजवू नयेत. दुपारी उन्हाच्या बाजूला पडदा किंवा ओले पोते लावावे, संध्याकाळी सगळे उघडावे.

३) पंखा व एसी : दीड टनाचा एसी साधारण जुन्या पद्धतीच्या २० पंख्यांइतकी वीज खातो. नवे कमी विजेचे पंखे तर जुन्यांच्या निम्म्याहून कमी विजेवर चालतात. घरात आजारी माणूस असेल तर एसी जरूर लावावा, पण २४ ते २६ अंशांवर, आणि जोडीला पंखा ठेवावा.

४) ओला कचरा : डंपिंगच्या ढिगाखाली हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता अडवतो. चाळीमागे एका पिंपात ओला कचरा व वाळलेला पाला थरांनी टाकल्यास चांगले खत होते. पाला जाळू नये. तो धूर दम्याच्या रुग्णाला सोसत नाही.

५) चालणे : मैलभर अंतरासाठी स्कूटर काढू नये. पेट्रोल वाचते आणि मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांसाठी याहून स्वस्त औषध माझ्याकडे नाही.

हे सर्व फक्त करी रोडसाठी नाही. गावाकडचे पत्र्याचे घर याहून जास्त तापते आणि तिथे चुनाही सहज मिळतो. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. तसा आपल्या नगरपालिकेने केला आहे का, हे नगरसेवकाला जरूर विचारावे.

कोणी भोवळ येऊन असंबद्ध बोलू लागला आणि अंग चटका बसेल इतके तापले असेल, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

गणपतीला प्रत्येक चाळ वर्गणी काढते. पाडव्याच्या आत एकदा छपराच्या चुन्यासाठीही काढावी आणि सुरुवात वरच्या मजल्यावर ज्या घरात म्हातारे माणूस आहे, तिथून करावी.