सरासरीत हरवलेला रुग्ण

हैदराबादच्या मोठ्या सरकारी इस्पितळाच्या आवारात सकाळी घटकाभर उभे राहावे. तेलुगू आणि दखनीच्या जोडीला आपली मराठीही कानावर पडते. औराद-भालकीकडचा, देगलूरकडचा, आदिलाबादच्या कडेचा माणूस भाकरीचे गाठोडे घेऊन केसपेपरच्या रांगेत उभा असतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची भाषावार वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात, बीदर-गुलबर्गा-रायचूर म्हैसूर राज्यात आणि तेलंगण आंध्र प्रदेशात गेले. कचेऱ्या बदलल्या, पण दुखणे विकोपाला गेले की पाय अजूनही त्याच जुन्या राजधानीकडे वळतात. हा रुग्ण नेमका कोणाच्या हिशेबात धरायचा, हा आमचा प्रश्न आहे.

आरोग्यसेवा मोजण्याचे प्रयत्न होत नाहीत असे नाही. निती आयोगाने डिसेंबर 2021 मध्ये आरोग्य निर्देशांकाची चौथी आवृत्ती प्रसिद्ध केली. 2019-20 सालच्या त्या यादीत 19 मोठ्या राज्यांपैकी केरळचा क्रमांक पहिला, तेलंगणाचा तिसरा, महाराष्ट्राचा पाचवा आणि कर्नाटकाचा नववा होता. पण 2018-20 चे मातामृत्यूचे आकडे पाहा. दर लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात 33, तेलंगणात 43 आणि कर्नाटकात 69 माता दगावल्या. निर्देशांकात तेलंगण महाराष्ट्राच्या पुढे, तर मातामृत्यू रोखण्यात महाराष्ट्र तेलंगणाच्या पुढे! मोजपट्टी बदलली की क्रम बदलतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2000 साली 191 देशांची अशीच क्रमवारी लावली. फ्रान्स पहिला आला, भारत 112 वा. त्या पद्धतीवर इतकी टीका झाली की संघटनेने तशी यादी पुन्हा काढली नाही.

मोजूच नये, असा याचा अर्थ नव्हे. वर्गात एका मुलाला नव्वद आणि दुसऱ्याला दहा गुण मिळाले, तर सरासरी पन्नास येते. तेवढ्यावर वर्ग उत्तीर्ण म्हणून शिक्षकाने हात झटकायचे का? राज्याच्या सरासरीत राजधानीचे शहर नव्वदवाल्या मुलासारखे असते. 2018 पासून हैदराबादेत गल्लोगल्ली बस्ती दवाखाने निघाले, हे चांगलेच झाले. परंतु त्यावरून सीमेवरच्या खेड्याची प्रकृती कळत नाही.

कार्यक्षमता म्हणजे खर्च केलेल्या पैशाच्या आणि नेमलेल्या माणसांच्या मानाने लोकांच्या पदरात पडलेले आरोग्य. इथेच खरी मेख आहे. उपकेंद्राला कुलूप असले, तर तिथे औषध खपत नाही आणि खर्चही होत नाही. गावची बाई बाळंतपणासाठी हैदराबादला जाते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नोंद घटना घडते त्या ठिकाणी होते, म्हणून बाळाचा जन्म हैदराबादेत लागतो. इस्पितळातल्या बाळंतपणांची संख्या तिकडची वाढते, गर्दीचा दोषही तिकडच्याच माथी बसतो. इकडचे बंद उपकेंद्र मात्र कागदावर स्वस्त आणि बिनतक्रार दिसते. एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, सोबतीला आलेल्या सासूचे हाल यांना कोणत्याच तक्त्यात रकाना नाही.

मराठवाड्याला हिशेबाचे हे दुखणे जुने आहे. दांडेकर समितीने 1984 साली जिल्हावार अनुशेष काढला, त्यात आरोग्यसेवाही होती. तो दस्तऐवज मोलाचा, पण मुख्यतः सोयी किती कमी आहेत हे त्यातून कळले. सोय माणसाला लागू पडते की नाही, हा पुढचा प्रश्न शिल्लकच राहिला. नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात 5 हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र आणि 30 हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. हा हिशेब आपापल्या हद्दीत होतो. पलीकडचे केंद्र दोन कोसांवर असले तरी नकाशाला ते दिसत नाही.

2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना कर्नाटकातील 865 सीमावर्ती गावांना लागू करण्याचे ठरवले. कर्नाटक सरकारने त्याला हरकत घेतली. वाद अधिकाराचा झाला. त्या गावांत आज उपचार कसे आणि किती मिळतात, याची मोजदाद मात्र वादात मागे पडली.

मोजताना भाषाही धरली पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध गृहस्थांना शहरातून घरी सोडताना दिलेला कागद गावात कोणालाच वाचता आला नाही. दिवसातून एकदा घ्यायची गोळी ते तीनदा घेत राहिले. डॉक्टर, औषध, खाट सर्व पुरवूनही समजुतीअभावी उपचार वाया गेला. ही अकार्यक्षमता नव्हे तर काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. इस्पितळाच्या नोंदवहीत रुग्णाचे राहते गाव आणि तालुका लिहिला जावा व त्याचा गोषवारा दरवर्षी तिन्ही राज्यांनी एकमेकांना द्यावा. सीमेवरच्या तालुक्यांचे आकडे राज्याच्या सरासरीतून वेगळे काढावेत. औषध कसे घ्यायचे ते रुग्णाला कळेल अशा भाषेत लिहून द्यावे. यासाठी सीमा हलवावी लागत नाही, कोणाचा अधिकारही कमी होत नाही.

तोवर ग्रामसभेत आपणच सुरुवात करू. गेल्या वर्षी गावातून किती जण उपचारासाठी बाहेर गेले, कुठे गेले, किती खर्च आला, हे शाळेच्या वहीत लिहून ठेवू. सरकारने विचारले नाही तरी आपला आकडा आपल्याजवळ असला पाहिजे.