यंत्र कंपनीचे, कागद घरचे

दूधगंगेच्या काठावरील सदलग्यात आणि चिकोडी-निपाणी परिसरातील इतर गावांत मार्च २०२० च्या टाळेबंदीबरोबर एक नवी वस्तू आली. पुण्या-बंगळूरच्या कंपन्यांत नोकरीस असलेली मुले कचेरीचा लॅपटॉप बगलेत मारून गावी परतली आणि माजघराच्या कोपऱ्यात कचेरी भरू लागली. पुढे टाळेबंदी उठली. काहींना परत बोलावणे आले, काहींचे काम घरूनच चालू राहिले. आता नोकरी सुटली, की कुरियरचा माणूस दाराशी उभा राहतो, खोके पुढे करतो आणि यंत्र घेऊन जातो. नोकरी सोडणाऱ्याच्या आयुष्यातील हा पाच मिनिटांचा प्रसंग वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु त्या खोक्यातून काय काय जाते याचा हिशेब मांडला, तर तो तसा क्षुल्लक नाही असे दिसून येईल.

घरात दुसरा संगणक नसला, की कंपनीचा लॅपटॉप हाच घराचा लॅपटॉप होतो. धाकट्या बहिणीचा प्रवेशअर्ज त्याच्यावरूनच भरला जातो. वडिलांचे आधारकार्ड, आईच्या शस्त्रक्रियेचे कागद, बँकेचे पासबुक, शेताचा उतारा, लग्नाचे फोटो, सारे त्यातच येऊन पडते. नदीकाठच्या गावांत याला आणखी एक कारण आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या काठच्या घरांत पाणी शिरले, तेव्हा पेटीतले कागद भिजले म्हणजे काय होते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर शहाण्या मुलांनी घरचे दस्तऐवज स्कॅन करून ठेवले. विचार योग्यच होता. पण ते ठेवले कोठे, तर बहुतेकदा हाताशी असलेल्या यंत्रात, म्हणजे कंपनीच्या मालमत्तेत! पुरापासून वाचविलेला कागद मग कुरियरच्या खोक्यातून निघून जातो.

कागदाचे मोल सीमाभागातील माणसास निराळे सांगावे लागत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून कचेरीची भाषा एक आणि घरची दुसरी असा संसार ज्याने केला, त्याने मराठी शाळेचा दाखला आणि जुना उतारा जिवापाड जपला आहे. निपाणीच्या बिडी कामगार बायांनाही ते ठाऊक आहे. बिडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा १९७६ मध्ये झाला. पण हाती ओळखपत्र नसेल, तर त्या कायद्याचा लाभ दूरच राहतो. आज त्याच घरातील नातू संगणकावर काम करतो. त्याचे नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, आयकराचा सोळा क्रमांकाचा फॉर्म हीच त्याची ओळखपत्रे होत, आणि ती बहुधा कचेरीच्या टपालपेटीत पडलेली असतात. ती पेटी शेवटच्या दिवशी बंद होते.

बंद होण्याची वेळही नोकरदाराच्या हाती नसते. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जगभरातील सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा अमेरिकेतील अनेकांना नोकरी गेल्याची बातमी कचेरीच्या खात्यात प्रवेश मिळेनासा झाल्यावरच कळली. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर, कर्मचारी कमी करण्याचा निर्णय जाहीर केला. असे आकडे छापून आले, की चिकोडीपासून चोर्ला घाटाच्या खाली गोव्यापर्यंत आणि पुढे सिंधुदुर्ग-रत्नागिरीपर्यंत अनेक घरांत धास्ती पसरते. पगार बुडण्याच्या काळजीत लॅपटॉपमधील कागदांची आठवण कोणाला राहणार?

यंत्र कंपनीचे आहे, याविषयी वाद नाही. ते मागितले असता परत केलेच पाहिजे. प्रश्न आहे तो त्यातील खाजगी भागाचा, आणि येथे आपला कायदा नोकरदारास विचित्र पेचात टाकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ अन्वये संगणकाच्या मालकाच्या परवानगीवाचून त्यातील माहितीची नक्कल घेणे आणि ती पुसून टाकणे, या दोन्ही गोष्टी दोषास्पद ठरतात. अप्रामाणिक हेतूने त्या केल्यास कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ग्राहकांची माहिती चोरून नेणाऱ्यास किंवा सूडापोटी कंपनीच्या फायली नष्ट करणाऱ्यास शिक्षा व्हावी, हे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. परंतु कलम शब्दशः वाचले, तर आईच्या आजारपणाचे कागद काढून घेऊन यंत्रातून पुसणारा मुलगाही परवानगीच्या प्रश्नात अडकतो. पुसावे तर संशय, न पुसावे तर घरचे गुपित परक्याच्या हाती, अशी त्याची अवस्था होते.

दुसरीकडे, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने संमत केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य कर्तव्ये अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. या कायद्याने मालकास नोकरीच्या कामासाठी आणि स्वतःचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती वापरण्याची सवलत दिली आहे. मात्र बहिणीची गुणपत्रिका ही कोणत्या अर्थाने नोकरीच्या कामाची होय? ज्या हेतूसाठी माहिती ठेवली तो हेतू संपल्यावर ती नष्ट करावी, हे तत्त्व त्याच कायद्यात आहे. परत आलेल्या लॅपटॉपला ते कसे लावावयाचे, हे कोणीतरी स्पष्ट सांगावयास हवे.

इतर देशांतील न्यायालयांना हा प्रश्न टाळता आला नाही. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर २०१२ मध्ये एका शिक्षकाचा खटला आला. लॅपटॉप शिक्षणमंडळाचा होता. तरीही त्यात खाजगीपणाची अपेक्षा, कमी प्रमाणात का होईना, उरते आणि पोलिसांना तो वॉरंटवाचून तपासता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये रुमानियातील एका कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल देताना पूर्वसूचनेवर भर दिला. हे निकाल आपल्यास बंधनकारक नाहीत. पण यंत्राची मालकी म्हणजे त्यातील माणसाची मालकी नव्हे, हा त्यांतील विवेक परका मानण्याचे कारण नाही.

आता व्यवहाराचे पाहू. फाईल 'डिलीट' केली म्हणजे ती गेली, असा बहुतेकांचा समज असतो. ग्रंथालयाच्या सूचीतून पत्ता काढून टाकला, तरी पुस्तक मांडणीवर राहतेच. जुन्या तबकडीच्या यंत्रात नेमके हेच घडते, आणि जाणकार ते पुस्तक पुन्हा शोधून काढतो. नव्या यंत्रांची रचना निराळी असली, तरी केवळ कचरापेटी रिकामी करून निश्चिंत होता येत नाही. दुसरा धोका याच्या अगदी उलट आहे. यंत्रातील फोल्डर इंटरनेटवरील खात्याशी जोडलेले असेल, तर यंत्रातून पुसलेले छायाचित्र तिकडूनही नाहीसे होते. म्हणून आधी जोडणी तोडावी आणि मगच पुसावे.

क्रम असा असावा. प्रथम कंपनीच्या संबंधित विभागास लेखी कळवून खाजगी फायली काढून घेण्याची परवानगी मागावी. न विचारता पेनड्राइव्ह लावला, की अनेक कंपन्यांत धोक्याची सूचना वाजते. परवानगी मिळाल्यावर फक्त स्वतःच्याच फायली घ्याव्यात, कंपनीच्या एका कागदासही हात लावू नये. घेतलेली नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखीच. त्यानंतर ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड काढावेत, खाजगी मेल आणि व्हॉट्सॲपची जोडणी मोबाइलवरून तोडावी, भविष्यनिर्वाह निधीच्या व बँकेच्या खात्यास कचेरीचा मेल दिला असल्यास तो बदलावा. संपूर्ण यंत्र पुसण्याचे काम मात्र स्वतः करू नये. ते कंपनीने करावे आणि केल्याचे कळवावे. अखेरीस यंत्राच्या क्रमांकासह पोचपावती घ्यावी. अर्थात पहिल्या दिवसापासून घरचे कागद कंपनीच्या यंत्रात न घालणे हाच खरा उपाय आहे. मोजक्या किमतीची एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊन ती पुराचे पाणी पोहोचणार नाही अशा जागी ठेवणे फारसे अवघड नाही.

परंतु सारा भार नोकरदारावर टाकून मोकळे होणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. यंत्र नीट न पुसण्याची किंमत मालकालाही मोजावी लागते. मॉर्गन स्टॅन्ले या बलाढ्य अमेरिकन वित्तसंस्थेने जुनी यंत्रे मोडीत काढताना हयगय केली, ग्राहकांची माहिती असलेल्या तबकड्या लिलावात विकल्या गेल्या आणि २०२० मध्ये ६ कोटी, तर २०२२ मध्ये आणखी साडेतीन कोटी डॉलर दंड तिला भरावा लागला. जी दक्षता ग्राहकासाठी, तीच कर्मचाऱ्यासाठी का नको?

आमची मागणी मोठी नाही. नोकरी कोणत्याही कारणाने संपो. खाजगी कागद काढून घेण्यासाठी ठरावीक मुदत आणि, हवे तर कंपनीच्या माणसासमक्ष, संधी मिळावी. पगाराच्या पावत्या आणि कराचे कागद खाते बंद होण्यापूर्वी खाजगी पत्त्यावर पाठविण्यात यावेत. परत आलेल्या यंत्रातील खाजगी मजकूर न वाचता नष्ट करावा आणि तसा दाखला द्यावा. हे नेमणूकपत्रातच लिहिलेले असावे, आणि नव्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या मंडळाने त्याचा नमुना ठरवून द्यावा.

गोव्याच्या मुक्तिलढ्याच्या आठवणी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत, त्यांना परक्याच्या हाती पडलेल्या चिठ्ठीचा अर्थ समजावून सांगावयास नको. आज राज्य आपले आहे, कायदाही आपलाच आहे. मग सदलग्याच्या घरातून लॅपटॉप परत जाताना त्या घराचे कागद घरीच राहतील, एवढी हमी त्या कायद्याने का देऊ नये?