तू आत जा, माग बघ!

मैत्रिणींनो, परवा आमच्या वाचनगटात चांगलीच वादावादी झाली. गट म्हणजे फार मोठं काही नाही. डोंबिवलीत दर गुरुवारी, दुपारची झाकपाक आटोपली की आम्ही आठ-नऊ जणी जमतो. सुरुवात भिशीने झाली, पुस्तकं मागाहून आली. इरावतीबाई कर्वे यांचं ‘युगान्त’ वाचून संपलं, तेव्हा एकीच्या कॉलेजातल्या लेकीने होमरचं ‘ओडिसी’ सुचवलं. लगेच काकू म्हणाल्या, "अगं, आपलं महाभारत धड वाचून होईना, ते ग्रीक कशाला?"

खरं सांगू, मलाही तसंच वाटलं होतं. पण पहिल्याच सर्गात एक प्रसंग आला. राजा ओडिसियस युद्धावर गेलेला, वीस वर्षं होत आली तरी परतलेला नाही. त्याच्या राणीशी, पेनेलोपीशी, लग्न करायला टपलेले शंभरावर पुरुष घरात ठाण मांडून खातपीत बसलेत. गायक युद्धाहून परतणाऱ्यांचं गाणं गातोय. ते ऐकवेना म्हणून ती म्हणते, दुसरं काहीतरी गा. त्यावर तिचा विशीतला मुलगा सगळ्यांसमोर सांगतो, तू आत जा, आपला माग आणि चाती बघ. बोलणं हे पुरुषांचं काम, घराचा मालक मी आहे!

वाचणारी थांबली. मग एक जण हळूच म्हणाली, "आमच्याकडे परवाच झालं हे. सोसायटीच्या मीटिंगचा विषय निघाला, तर मुलगा म्हणाला, आई, तुला त्यातलं काय कळतंय, तू चहा टाक." सगळ्या हसलो, पण हसू पुरतं ओठांवर आलं नाही.

होमरचं दुसरं महाकाव्य ‘इलियड’. त्यातही हेच. ट्रॉयच्या तटाची एक बाजू कच्ची आहे, सैन्य तिथे उभं कर, असं अँड्रोमकी नवऱ्याला, हेक्टरला, सांगते. तो तिच्यावर जीव टाकणारा, तरीही उत्तर तेच. घरी जा, माग बघ, युद्ध पुरुष पाहतील. सुमारे २७०० वर्षांपूर्वीचं हे काव्य!

इरावतीबाईंनी आपल्याला हीच नजर दिली. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाभारत पोथीसारखं पुजलं नाही आणि थोतांड म्हणून फेकूनही दिलं नाही. त्या काळची माणसं कशी जगत होती, हे त्यातून शोधलं. ‘युगान्त’ला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धर्मराज स्वतःला हरल्यावर मला पणाला लावू शकतो का, हा द्रौपदीचा भर सभेतला प्रश्न इरावतीबाईंना चुकीचा वाटतो, कारण उत्तर कुठलंही आलं तरी नुकसान तिचंच. आमच्यातल्या निम्म्या जणींना हे अजिबात पटलं नाही. नुकसान होणार म्हणून विचारायचंच नाही का? पण बाईंशी भांडता येतं, हेच तर त्या पुस्तकाचं मोठेपण!

आता दासींचं बघा. ओडिसियस परत आल्यावर बारा दासींना फासावर लटकवलं जातं. गुन्हा काय, तर त्या घुसखोरांशी निजल्या. त्या गुलाम बायका, त्यांना नाही म्हणता येत होतं का? एमिली विल्सन या बाईंनी २०१७ साली ‘ओडिसी’ इंग्रजीत आणली, तेव्हा मोलकरणीसारखा सौम्य शब्द टाळून त्यांना सरळ गुलाम म्हटलं. आणि आपल्याकडे? अंबिकेने स्वतःऐवजी व्यासांकडे पाठवलेली दासी, विदुराची आई. तिचं नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का? वाचताना मला घराघरांतून भांडी घासणाऱ्या, चोरीचा आळ आला की पहिल्यांदा ज्यांच्याकडे बघितलं जातं, त्या बायका आठवल्या.

माझ्या कामात मला पेनेलोपीही भेटते. एकीचा नवरा आखातात गेला, वर्षानुवर्षं पत्ता नाही, पैसे नाहीत. नातेवाईक म्हणतात, थांब, सीतेने नाही का वाट पाहिली! वाट बघण्याची अशी थोरवी गायली की तिच्या रेशनची, मुलांच्या फीची जबाबदारी कुणावरच राहत नाही. पेनेलोपी नुसती रडत बसली नव्हती. सासऱ्याच्या प्रेतासाठी वस्त्र विणायचंय, ते झालं की लग्न करीन, असं सांगून तिने दिवसा विणलेलं रात्री उसवलं, तीन वर्षं सगळ्यांना झुलवलं. ही हुशारी मात्र दाखल्यात कुणी सांगत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, महाकाव्यं आपण स्वतः वाचायला हवीत, दुसऱ्याने निवडून दिलेले दाखले ऐकून भागायचं नाही. वाचताना तीनच प्रश्न विचारा. राबतं कोण? बोलतं कोण? आणि शिक्षा कुणाला होते? कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं. ‘युगान्त’साठी फार लांब जायला नको.

आणि हो, ती चहावाली मैत्रीण गेल्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगला गेली. पाण्याच्या टाकीचा हिशोब तिनेच विचारला. चहा मुलाने टाकला, साखर जरा जास्त झाली म्हणे!