अण्णांचे स्पीकर आणि अण्णांचे कान

गेल्या दिवाळीत नांदेडच्या घरी गेलो असता माळ्यावर धूळ खात पडलेली स्पीकरची जोडी अण्णांनी खाली काढावयास सांगितली. सन १९८५च्या सुमारास शिक्षकाच्या पगारातून हप्त्याहप्त्याने घेतलेली ती जोडी. नाथराव नेरळकरांचे गाणे समोर बसून ऐकलेल्या माणसाला घरातही गाणे नीटच वाजलेले लागे. गेल्या काही वर्षांत मात्र त्यांनी ऐकणे जवळजवळ सोडले होते. कारण विचारले तर म्हणत, "यंत्राचा आवाज बसलाय रे. आता त्यात राम नाही." अण्णांचे वय ८२.

मी अण्णांना आणि स्पीकरना गाडीत घालून लातूरला घेऊन आलो. पुढचे चार रविवार आम्ही बापलेक दवाखान्यामागच्या खोलीत बसलो.

जाळी काढताच पहिला दोष दिसला. मोठ्या स्पीकरच्या, म्हणजे वूफरच्या, कागदी शंकूला लोखंडी चौकटीशी जोडणारी फोमची कड बोट लावताच भुगा होऊन गळू लागली. हा फोम हवा आणि दमटपणा यांनी वीस-पंचवीस वर्षांत कुजतोच, मग स्पीकर वाजवलेला असो वा नसो. शंकू मात्र शाबूत होता. जुनी कड आणि वाळलेला डिंक खरवडून नवी कड चिकटवायची, आणि ती वाळेपर्यंत आतली तारेची गुंडाळी चुंबकाच्या खाचेत बरोबर मध्यभागी राखायची. ती केसभर कलली, तरी घासून खरखर करते. बोटांनी शंकू हलकेच आत दाबून, कान लावून पाहावे लागते. ते काम अण्णांनी मागून घेतले. त्यांच्या हाताला कंप आहे, म्हणून मी कचरत होतो. पण डिंक लावताना तो हात आश्चर्य वाटावे इतका स्थिर राहिला.

दुसरा दोष डोळ्यांना दिसणारा नव्हता. बारीक, चढे सूर देणाऱ्या लहान स्पीकरला, म्हणजे ट्वीटरला, जाड सूर जाऊ नयेत म्हणून त्याच्या वाटेवर एक कपॅसिटर बसवलेला असतो. आपले कारागीर त्याला कंडेन्सर म्हणतात. तो आतून सुकला की चढे सूर मंदावतात. तितक्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा नवा बसवला की काम होते. शेवटी दीड व्होल्टच्या सेलने दोन्ही शंकू एकाच दिशेला हलतात ना, ते तपासले. एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर दोघांचे जाड सूर एकमेकांना मारतात.

इथे वैद्यकीय अधिकाराने थोडे सांगतो. मधुमेहामुळे ज्यांची बोटे बधिर झाली आहेत त्यांनी सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकापाशी जाऊ नये; भाजल्याचे उशिरा कळते आणि जखम चिघळते. दम्याच्या रुग्णांनी त्या धुरापासून आणि फोमच्या धुळीपासून दूर राहावे. पेसमेकर असलेल्यांनी स्पीकरचे चुंबक छातीशी धरू नये, किमान वीतभर अंतर राखावे. आणि व्हॉल्व्हचा जुना अॅम्प्लिफायर घरी कोणीच उघडू नये. तो बंद असतानाही आतले कपॅसिटर जीवघेणा दाब धरून असतात. ते जाणत्या कारागिराचेच काम.

चौथ्या रविवारी स्पीकर लावले. तानपुऱ्याची झार खोलीभर पसरली. टाळांचा किणकिणाट ऐकून माझी मुलगी धावत आली. "आजोबा, किती स्वच्छ!" अण्णांनी थोडा वेळ ऐकले आणि मान हलवली. "जाड सूर आले. पण बारीक आवाजाचा तुझा तो कंडेन्सर काही बसलेला नाही."

मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तिथेच थांबलो. कंडेन्सर बसलेला होता. वडील टीव्ही मोठा लावतात, फोनवर "काय?" म्हणतात, लग्नकार्यात कोपऱ्यात गप्प बसतात, हे मी तीन-चार वर्षे पाहत होतो. रोज पन्नास रुग्णांना तपासणाऱ्या मुलाने वडिलांच्या कानात एकदाही डोकावले नव्हते.

त्याच संध्याकाळी डोकावलो. डाव्या कानात मळाचा घट्ट बोळा होता. तो औषधाने मऊ करून काढला. पुढच्या आठवड्यात ऑडिओमेट्री केली. आलेखाची रेघ २००० हर्ट्झपर्यंत बरी चालून पुढे कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली होती. वार्धक्यात अंतःकर्णातील, चढे सूर टिपणाऱ्या केशपेशी आधी जातात. 'आ', 'ओ' असे स्वर जाड सुरांत असतात, म्हणून कोणीतरी बोलते आहे हे कळते. पण 'स', 'श', 'त', 'फ' ही व्यंजने वर असतात, ती निसटतात. "ऐकू येते, पण समजत नाही" ही ज्येष्ठांची तक्रार हट्ट नव्हे, ती त्या आलेखातली उतरती रेघ असते. अशांशी ओरडून बोलण्यात अर्थ नाही. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, सावकाश बोलावे. उपचार न झालेला श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाचा एक टाळता येण्याजोगा धोका असल्याचे 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञसमितीने २०१७पासून तिन्ही अहवालांत नोंदवले आहे. चष्मा आपण चाळिशीत लावतो. श्रवणयंत्राला मात्र ऐंशीतही लाजतो.

अण्णांनीही दोन महिने नकार दिला. "म्हातारा दिसेन," हे ८२व्या वर्षी! अखेर नातीने गळ घातली. श्रवणयंत्राची सवय व्हायला मेंदूला काही आठवडे लागतात, म्हणून आरंभी शांत खोलीत तासभरच लावायचे, असे ठरले. तो तास त्यांनी स्पीकरपुढचा निवडला.

मागच्या रविवारी त्यांनी स्वतःहून आवाज कमी करायला सांगितला. स्वयंपाकघरात भांडी फार आपटतात, ही नवी तक्रार मात्र रोजची आहे. पुढच्या भेटीत ऑडिओलॉजिस्टला सांगून यंत्र थोडे जुळवून घ्यायचे आहे.