एका बाकाची गोष्ट

बाटाचे बूट घालून आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्या शाळेत गेल्या. जून उजाडला की नवी वह्या-पुस्तके, नवा गणवेश आणि नवे बूट हे समीकरण घराघरांत ठरलेले असे. ही कंपनी मूळची चेकोस्लोव्हाकियातील. तिने १९३० च्या दशकात कलकत्त्याजवळ बाटानगर वसवले, हे अनेकांना ठाऊक असते. पण त्याच सुमारास, १९३१ मध्ये, युरोपात डॅन्यूब नदीकाठी बोरोवो येथे तिने आणखी एक कारखाना उभारला होता. त्या कारखान्याच्या आधाराने वाढलेले शहर म्हणजे आजच्या क्रोएशियातील वुकोवार.

वुका नदी जिथे डॅन्यूबला मिळते, तिथे हे गाव वसले आहे. पैलतीरावर सर्बिया. वस्ती फार जुनी. गावाबाहेर वुचेडोल येथे १९३८ मध्ये तीन पायांचे, पक्ष्याच्या आकाराचे एक मातीचे भांडे सापडले. ते साडेचार हजार वर्षांहून जुने मानले जाते. अठराव्या शतकात एल्ट्झ या जर्मन सरदार घराण्याने इथे वाडा बांधला. क्रोएट, सर्ब, हंगेरियन, जर्मन, रुथेनियन असे सारे इथे नांदले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे लावोस्लाव्ह रुझिचका १८८७ मध्ये याच गावात जन्मले.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना सरकारजमा झाला. भरभराटीच्या काळात तिथे वीस हजारांहून अधिक माणसे काम करत होती. एकाच यंत्रावर क्रोएट आणि सर्ब शेजारी-शेजारी उभे राहत. एकमेकांच्या घरात मुली देत, मुली करत. १९८८ मध्ये पगार थकले, तेव्हा इथले कामगार मिळून थेट बेलग्रेडला धडकले आणि त्यांनी युगोस्लाव्ह संसदेपुढे निदर्शने केली. कोण कुठल्या चर्चमध्ये जातो, हे त्या दिवशी कुणी विचारले नव्हते.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत हे गाव बेचिराख झाले. शेकडो वर्षांचे वैर होते म्हणून असे घडले, असे सांगण्याची सोय असते. पण ते खरे नाही. कारखाना डबघाईला आला, युगोस्लाव्हिया मोडू लागला आणि भाकरीचा प्रश्न विचारणाऱ्यांच्या हातात पुढाऱ्यांनी झेंडे दिले. २ मे १९९१ रोजी शेजारच्या बोरोवो सेलो या गावात बारा क्रोएशियन पोलीस मारले गेले. त्या उन्हाळ्यात शहरातले काही सर्ब नागरिकही मारले गेले. ऑगस्टच्या अखेरीस युगोस्लाव्ह सैन्याने आणि सर्ब निमलष्करी टोळ्यांनी वेढा घातला. तो ८७ दिवस चालला. माणसे तळघरांत राहिली, शस्त्रक्रियाही तळघरात झाल्या. सिनिशा ग्लावाशेविच हा तरुण निवेदक वुकोवार रेडिओवरून शहराची खबर जगाला देत राहिला.

१८ नोव्हेंबरला शहर पडले. दोन दिवसांनी रुग्णालयातून जखमींना आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांना बाहेर काढण्यात आले आणि ओव्हचारा येथील शेतावर नेऊन दोनशेहून अधिक जणांना गोळ्या घालण्यात आल्या. ग्लावाशेविच त्यांतलाच एक. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या प्रकरणी युगोस्लाव्ह सैन्याच्या दोन अधिकाऱ्यांना दोषी ठरवले. शहर मात्र जानेवारी १९९८ मध्येच, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीनंतर, शांततेने क्रोएशियाकडे परतले.

आज घरे पुन्हा उभी आहेत. एल्ट्झ वाडा दुरुस्त झाला आहे. सहाशेहून अधिक तोफगोळे झेललेली पाण्याची टाकी तिच्या जखमांसकट जपली असून २०२० पासून ती स्मारक म्हणून खुली आहे. स्मशानभूमीत ९३८ पांढरे क्रूस रांगेने उभे आहेत. आणि काही कुटुंबे आपल्या माणसाच्या अस्थींची अजून वाट पाहत आहेत. अशा आईला ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही. प्रेत कुठे पुरले हे ठाऊक असूनही जो गप्प बसतो, तो गुन्ह्यात आजही सामील आहे. २०१० मध्ये सर्बियाचे अध्यक्ष बोरिस तादिच यांनी ओव्हचाराला येऊन माफी मागितली. ते योग्यच झाले; पण माफीने अस्थी सापडत नाहीत.

इथवर वुकोवारच्या दुःखाशी वाद घालण्याचे कारण नाही. वाद पुढे आहे.

क्रोएशियाच्या कायद्यानुसार एखाद्या गावात अल्पसंख्याक एकतृतीयांशाहून अधिक असतील, तर त्यांच्या भाषेला आणि लिपीला अधिकृत स्थान मिळते. २०११ च्या जनगणनेत वुकोवारमधले सर्ब त्या रेषेच्या वर गेले. २०१३ मध्ये सरकारी इमारतींवर सिरिलिक लिपीतल्या पाट्या लागल्या आणि संतापलेल्या माजी सैनिकांनी त्या हातोड्यांनी फोडल्या. पाट्यांवरून माणसे कशी पेटतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तरी एवढे म्हणावेसे वाटते, की गोळ्या लिपीने झाडल्या नव्हत्या.

पाटीपेक्षाही गंभीर गोष्ट शाळेची आहे. इथली क्रोएट आणि सर्ब मुले वेगवेगळ्या वर्गांत बसतात. अल्पसंख्याकांना स्वभाषेत शिकण्याचा हक्क हवाच, आणि युद्धानंतर परतलेल्या कुटुंबांना सुरुवातीला अंतर हवेसे वाटले असेल, हेही समजते. पण तात्पुरती म्हणून बांधलेली भिंत पाव शतकानंतरही उभी असेल, तर ती आधार राहत नाही. मातृभाषेचा तास वेगळा ठेवा. गणित, चित्रकला आणि मैदान वेगळे कशासाठी? युद्धानंतर जन्मलेल्या मुलाला ‘तू त्यांच्यातला’ हे आधी शिकवायचे आणि पाढे नंतर, हा कुठला न्याय?

आणि याची किंमत शहरच मोजते आहे. १९९१ मध्ये शहरात सुमारे ४५ हजार माणसे होती. २०२१ मध्ये ती २३ हजारांच्या आसपास उरली. २०१३ मध्ये देश युरोपीय संघात गेल्यावर तर या भागातील तरुणांची जर्मनी-आयर्लंडकडे रीघच लागली. त्यात दोन्हीकडची मुले आहेत. गावात ज्यांना एका बाकावर बसू दिले नाही, ती परमुलखातल्या एखाद्या कारखान्यात शेजारी-शेजारी उभी राहतील. त्यांचे आजोबा बोरोवोत उभे राहत, अगदी तशीच.

वुचेडोलचा तो मातीचा पक्षी आज वुकोवारचे शांतिचिन्ह आहे. लोक त्याला कबूतर म्हणतात. काही अभ्यासकांच्या मते तो तित्तिर आहे. काही बिघडत नाही. शांतता ही सापडणारी वस्तू नव्हे, ती घडवावी लागते. त्यासाठी वुकोवारला आता नवे स्मारक नको आहे. एक साधा लाकडी बाक पुरेल, फक्त त्यावर दोन्हीकडची मुले बसू द्या.