इंग्रजीचं बोट सोडा!

‘इंग्रजी येतं ना? मग डच काय, पंधरा दिवसांत येईल!’ असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्या सर्वांना ओळीने उभं करून डच व्याकरणाची परीक्षा घ्यावी, अशी माझी मागणी आहे.

नातीच्या ओढीने आम्ही उभयता मुलाकडे आम्स्टलफेनला आलो. नात शाळेतून येते ती डचमध्ये चिवचिवतच. आजोबांना ओ की ठो कळत नाही. म्हणून या वयात वर्गात नाव घातलं. पुस्तक इंग्रजीतून, शिकवणाऱ्या बाईही इंग्रजीतून. पहिले चार दिवस मजेत गेले. पाणी म्हणजे ‘वाटर’, हात म्हणजे ‘हांत’. पुढे वाक्यं आली आणि इंग्रजीने दोन्ही ‘हांत’ वर केले.

वाक्यात ‘ऑमदात’ म्हणजे ‘कारण’ आलं, की क्रियापद उठून थेट शेवटी जाऊन बसतं. ‘ऑमदात इक मॉर्खन नार उत्रेख्त खा.’ शेजारचे लंडनचे गृहस्थ घामाघूम! अहो, ‘कारण मी उद्या उत्रेख्तला जातो’. आपलं क्रियापद आणखी कुठे बसतं? पंचवीसला हे लोक ‘पाच आणि वीस’ म्हणतात. आपणही आधी पाचच म्हणतो की! ‘ये’ म्हणजे तू आणि ‘यू’ म्हणजे तुम्ही, हे साहेबाला तासभर समजावावं लागलं.

मग कळलं, की मुलगी, म्हणजे ‘मेइश्ये’, नपुंसकलिंगी! वर्ग खदखदून हसला. ‘शेवटी लाडाचा ‘ये’ लागला की ‘हेत’, पाठ करा,’ बाई म्हणाल्या. मी हसलो नाही. वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू. आपल्याकडेही जे लहान आणि लाडकं ते पुष्कळदा ‘ते’च असतं. घर आणि पुस्तक तिथेही ‘हेत’. (टेबल मात्र ‘द’. तिथे मराठीही तोंडघशी पाडते.)

हे मी वहीत मराठीत लिहू लागलो, तर बाई म्हणतात, ‘टिपणं इंग्रजीत घ्या, सोपं जाईल.’ कुणाला? जन्मभर आम्ही जगाकडे या एकाच खिडकीतून बघितलं. आता शेजारच्या घरात जायलाही त्याच खिडकीतून उडी मारायची?

परवा पावाच्या दुकानात ‘ऑमदात’ घालून ऐटीत वाक्य सुरू केलं. क्रियापद शेवटाला पोहोचायच्या आत काउंटरवरची बाई इंग्रजीत बोलू लागली. नात माझा कोट ओढत म्हणाली, “आजोबा, जरा भरभर बोला ना!”